रिकामा ‘कॅच’ शिकवणे थांबवा

संपादक महोदय,

जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या जर्नलमध्ये (प्रात्यक्षिकांच्या वहीत) एक्सेप्शन हँडलिंगचा, म्हणजे प्रोग्राम चालताना उठलेली अडचण हाताळण्याचा, प्रयोग बहुधा ठरलेला असतो: दहाला शून्याने भागा, कॅचमध्ये (ती अडचण पकडणाऱ्या भागात) एक ओळ छापा, सही घ्या. सोलापुरातून दरवर्षी कितीतरी मुले-मुली हे शिकून पुण्याच्या कंपन्यांत किंवा इथल्याच कारखान्यांच्या बिलिंगच्या कामाला लागतात. कॅच लिहिला की प्रोग्राम बंद पडत नाही, एवढेच त्यांच्या मनात ठसलेले असते. नुकसान तिथूनच सुरू होते.

टॉवेलच्या कारखान्याचे बिल घ्या. ‘नग’ची सुरुवातीची किंमत शून्य. ऑपरेटरने रकान्यात ‘१२ नग’ असे टाइप केले. मजकुराचा पूर्णांक करणाऱ्या पार्सइंटला नुसते १२ हवे असते (देवनागरी अंकही त्याला चालतात), पण मागची रिकामी जागासुद्धा खपत नाही, त्यामुळे नंबरफॉरमॅट एक्सेप्शन येते. कॅच रिकामा असेल तर नग शून्यच राहतात, बिल शून्य रुपयांचे निघते, माल गेटबाहेर जातो आणि साठ्यातून काहीच वजा होत नाही. प्रोग्राम तिथेच थांबला असता तर चूक त्याच मिनिटाला सापडली असती. शिवाय शून्याने भागल्यावर एक्सेप्शन येते ते पूर्णांकांत. डबल या दशांश संख्यांच्या प्रकारात उत्तर ‘इन्फिनिटी’ (अनंत) येते आणि कॅचला पत्ताही लागत नाही. जर्नलमधला प्रयोग हे कधी दाखवत नाही.

एक्सेप्शन ही एक वस्तू असते. ती तयार होतानाच कोणती मेथड (प्रोग्राममधला नाव दिलेला, बोलावता येणारा भाग) कोणी बोलावली याची साखळी तिच्यात नोंदली जाते. थ्रो होताच, म्हणजे ती फेकली जाताच, ट्रायमधल्या (कॅच ज्यावर लक्ष ठेवतो त्या भागातल्या) पुढच्या ओळी सुटतात. त्या मेथडमध्ये जुळणारा कॅच नसेल तर शोध तिला बोलावणाऱ्या मेथडमध्ये जातो, असे करत थेट मेनपर्यंत, म्हणजे प्रोग्राम जिथून सुरू होतो त्या मेथडपर्यंत. म्हणून ज्या पातळीवर काही उपाय करता येतो, तिथेच पकडावे. मध्येच नवे एक्सेप्शन फेकायचे असेल तर मूळ वस्तू ‘कॉज’ म्हणून सोबत द्यावी, नाहीतर खरे कारण हरवते. फायनलीमध्ये (काहीही झाले तरी शेवटी चालणाऱ्या भागात) रिटर्न तर कधीच लिहू नये, कारण वर निघालेले एक्सेप्शन तो निमूट गिळतो. फाइल आणि डेटाबेसची जोडणी बंद करायला २०११ च्या जावा ७ पासून ट्राय-विथ-रिसोर्सेस ही आपोआप बंद करणारी सोय आहे. तरीही फायनलीतला क्लोजच शिकवला जातो.

पकडल्यावर काय करायचे, हा निर्णय किती महागात पडू शकतो ते ४ जून १९९६ रोजी एरियान ५ या युरोपीय रॉकेटच्या पहिल्या उड्डाणात दिसले. ६४ बिटांची संख्या १६ बिटांत मावली नाही, एक्सेप्शन उठले, आणि अशा वेळी संगणकाने स्वतःला बंद करावे असेच ठरवलेले होते. राखीव संगणकातही तेच सॉफ्टवेअर होते. उड्डाणानंतर मिनिटाच्या आत रॉकेट नष्ट झाले.

प्राध्यापकांना कळकळीची विनंती आहे की, हा प्रयोग बदला. एकमेकींना बोलावणाऱ्या तीन मेथड लिहायला लावा. सर्वांत आतल्या मेथडमधून ‘अपुरा साठा’ असे स्वतःच्या क्लासचे एक्सेप्शन फेकायला सांगा. आधी कुठेच न पकडता स्टॅक ट्रेस (बोलावलेल्या मेथडची छापून येणारी साखळी) वाचून घ्या, मग कॅचची जागा ठरवू द्या. रिकाम्या कॅचचे गुण कापा. आणि तोंडी परीक्षेत व्याख्या विचारण्याऐवजी एकच विचारा: हे इथेच का पकडलेस?

– एक संगणक अध्यापक, सोलापूर