टॉमी शेल्बीसाठी वहिनीला थँक्यू

वहिनी, फॅमिली ग्रुपवर टाकलं असतं तर खाली लगेच गुड मॉर्निंगची फुलं आली असती म्हणून इथे सगळ्यांसमोरच लिहितोय. पीकी ब्लाइंडर्स ही इंग्लिश गँगस्टर सिरीज माझ्याकडून नेटाने बघून घेतलीस त्याबद्दल मनापासून थँक्यू.

त्यातला गँगचा म्होरक्या टॉमी शेल्बी म्हटलं की मला फक्त पोरांचे स्टेटस आठवायचे, टोपी, सिगरेट आणि खाली कसलातरी अ‍ॅटिट्यूडवाला डायलॉग, माणूस डोक्यातच जायचा. पहिल्या एपिसोडला टॉमीचा युद्धातला साथीदार डॅनी पबमध्ये घुसून धिंगाणा घालतो, स्वतःला तोफगोळा समजतो आणि टॉमी त्याला घट्ट धरून शांत करतो, तिथे तू पॉज केलंस आणि विचारलंस, ह्याला आवरायला टॉमी आहे, टॉमीला कोण आहे रे?

मग तुझ्यातली इतिहासाची बाई जागी झाली. पहिल्या महायुद्धात टॉमीसारखे ब्रिटिश सैनिक जर्मनांच्या खंदकाखाली बोगदे खणायचे, फळीला पाठ टेकून दोन्ही पायांनी फावडं चिकणमातीत रेटायचं, आवाज होऊ द्यायचा नाही, कारण पलीकडून जर्मनपण खणत असायचे आणि दोन्हीकडचे कान लावून बसलेले. म्हणजे रात्री टॉमीला भिंतीपलीकडून फावडी ऐकू येतात ते भूतबित नाही, तो आवाज ऐकणं हीच त्याची ड्युटी होती! १९१९ ला घरी आलाय, मेडल्स कॅनॉलमध्ये फेकलीत, पण झोपायला अफू लागतेच. आणि पळाले, घाबरले वगैरे म्हणून ब्रिटिशांनी स्वतःच्याच ३०६ सैनिकांना गोळ्या घातल्या, माफी मिळाली थेट २००६ मध्ये, हे तू सांगितल्यावर टॉमी तोंड का उघडत नाही ते जरा कळलं.

पण जास्त थँक्यू टॉमीच्या सेक्रेटरीसाठी, लिझीसाठी. एवढा वेळ त्याची वकिली करणारी तू, एप्समच्या रेसला त्याने लिझीला आमिष म्हणून वापरलं तेव्हा अशी उखडलीस की विचारू नको. दादा म्हणाला अगं ट्रॉमा आहे त्याला, तर तू म्हणालीस, आणि लिझीची काय पिकनिक झाली का? दादा गप. नाहीतर हल्ली माणूस एकतर हिरो नाहीतर डायरेक्ट ब्लॉक, तुला मात्र त्याची कीवही येत होती आणि रागही, दोन्ही एकाच वेळी, मलाही आता तसंच होतं.

सहावा सीझन तुझ्याशिवाय सुरू करणार नाही. तोवर टॉमीच्या मोठ्या भावाबद्दल, आर्थरबद्दल काय वाटतं ते व्हॉइस नोटवर पाठव, लांबलचक चालेल.