परिषद संपल्यावर आलेली मंजुरी: विज्ञानमंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्रीमहोदय, विज्ञान व तंत्रज्ञान, नवी दिल्ली,

सादर नमस्कार.

हत्तीरोगावरचा माझा पेपर परदेशातल्या एका परिषदेसाठी निवडला गेला होता. प्रवासखर्चासाठी सरकारी योजनेत मुदतीच्या आत अर्ज केला. गाईडची शिफारस, संस्थाप्रमुखांची सही, निवडीचं पत्र, सगळं जोडलं. परिषद उरकली, लोक आपापल्या देशी परतले, आणि परवा मेल आला की अर्ज मंजूर झाला आहे, बोर्डिंग पास आणि बिलं सादर करा. मी गेलेच नाही, तर बोर्डिंग पास कुठून आणू?

मंजुरी वेळेत आली असती तरी पैसे आधी मिळणार नव्हतेच. तिकीट, व्हिसा, रजिस्ट्रेशन, राहणं, सगळं पदरमोड करून भागवायचं आणि परत आल्यावर परताव्याची वाट बघायची, असा नियम. पीएच.डी. करणाऱ्या सीनियर फेलोला महिना 42 हजार फेलोशिप मिळते म्हणे. माझी फेलोशिप दिवाळीपासून थकली आहे. खोलीचं भाडं बाबांकडून घेते. बाबा धानाची शेती करतात. तिकिटासाठी कुणाकडून पैसे उचलू का, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी फोन ठेवून दिला. तिशी आली तरी बापापुढे हात पसरायचा, याची लाज मला का वाटावी? ती ज्यांना वाटायला हवी त्यांच्याकडे अजून माझ्या फेलोशिपची फाईल फिरते आहे.

आमचं काम कसं चालतं ते सांगते. हत्तीरोगाच्या जंतांची पिल्लं रक्तात वर येतात ती रात्री. म्हणून आम्ही जेवणं उरकल्यावर घरोघरी जातो. झोपेतून उठवलेली पोरं बोट टोचलं की रडतात. थेंब काचपट्टीवर पसरायचा, वाळवायचा, नंबर घालायचा, पुढचं दार. एका आजीचा पाय मांडीपर्यंत सुजलेला, बोटांच्या बेचक्यांत चिघळलेलं. साबणाने धुऊन, मऊ फडक्याने टिपून ते कोरडं कसं ठेवायचं एवढंच मी शिकवू शकले. इतकी जुनी सूज उतरवणारी गोळी नाही. ताप भरला की त्यांची धानाच्या रोवणीची मजुरी बुडते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, कुठेही जा, असे पाय दिसतील.

हत्तीरोगावरच्या तीन औषधांची एकत्र मात्रा देशात ज्या पाच जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत आमचं नागपूर होतं. वस्तीतल्या सगळ्यांना गोळ्या देण्याच्या फेऱ्या होऊनही काही वस्त्यांत जंत पुन्हा का सापडतात, हा माझा विषय. श्रीलंकेने 2016 मध्ये हत्तीरोग हटवला, बांगलादेशाने 2023 मध्ये. जागतिक आरोग्य संघटनेने तसा शिक्का दिला. तिथे शेवटच्या वस्त्यांत काम केलेली माणसं अशा परिषदांत भेटतात. चहाच्या वेळी त्यांना जे विचारता येतं ते छापलेल्या पेपरात मिळत नाही. आपल्याकडे 2002 च्या आरोग्य धोरणाने हत्तीरोग हटवायला 2015 ची मुदत दिली होती, ती सरकत सरकत 2027 वर आली. आणि त्या मुदतीसाठी रात्री वस्त्यांत राबणाऱ्या मुलीला विमानाचं तिकीट वेळेवर मिळत नाही.

हे माझ्या एका तिकिटापुरतं नाही. देशाच्या उत्पन्नातला 0.64 टक्का संशोधनावर जातो. संशोधनाला निधी देणाऱ्या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानचे 50 हजार कोटी जाहीर झाले, त्यांतले 36 हजार कोटी बहुतांश खासगी क्षेत्रातून येतील असं सांगितलं गेलं. कोणती कंपनी हत्तीरोगावर पैसे लावणार? हा रोग रोवणीच्या मजुराला होतो, औषधांचा धंदा ज्यांच्या पैशावर चालतो त्यांना नाही. ज्या सहस्रकोटींची भाषणं होतात त्यांतलं आमच्यापर्यंत काय पोचतं, तर ‘बिलं सादर करा’. माझ्या बरोबरीची हुशार मुलं स्पर्धा परीक्षेच्या क्लासला गेली, दोघं कायमची परदेशात. त्यांना नावं ठेवायचा अधिकार तुम्हाला नाही.

पीएच.डी.च्या काळात प्रत्येकाला किमान एकदा, तिकीट आणि रजिस्ट्रेशनचे पैसे आगाऊ द्या. निर्णय व्हिसाच्या अर्जाआधी कळवा. थकलेल्या फेलोशिपा चुकत्या करा. आमच्या प्रयोगशाळेतल्या धाकट्या मुलीने पुढच्या परिषदेसाठी याच योजनेत अर्ज केला आहे. तिची फाईल आज कुणाच्या टेबलावर आहे, तेवढं बघा.

आपली,
हत्तीरोगावर काम करणारी एक संशोधक विद्यार्थिनी, विदर्भ