वादळानंतर किनाऱ्यावर सापडलेला पक्षी समुद्रात सोडू नका

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबरात अरबी समुद्रात वादळ होऊन गेले की दुसऱ्या दिवशी पहाटे, ओहोटीची वेळ बघून, मी दुर्बीण घेऊन जुहूला जाते. लडाखकडचे तपकिरी डोक्याचे कुरव पक्षी तेव्हा नुकतेच उतरू लागलेले असतात, ओल्या वाळूत चिखल्या धावत असतात. पण मन लागलेले असते ते भर समुद्रातल्या पाहुण्यांकडे. 2019 च्या दिवाळीतले ‘क्यार’ ओमानच्या दिशेने वळले. अशी वादळे लांबून गेली, तरी एरवी किनाऱ्याकडे न फिरकणारे पक्षी त्या वाऱ्याने दमून वाळूवर येऊन पडू शकतात.

गेल्या आठवड्यात अशाच पहाटे चार मुले गुडघाभर पाण्यात उभी राहून काहीतरी लाटांवर सोडताना दिसली. लाट ते परत आणून टाकी, मुले पुन्हा उचलून आणखी आत नेत. जवळ गेले तर सूटी टर्न या समुद्री सुरय पक्ष्याचे यंदाचे पिल्लू. अंगभर काळपट तपकिरी, पाठीवर पांढरे ठिपके. “काकू, त्याला घरी सोडतोय,” त्यांतला एक म्हणाला. त्या पोराला रागवायला माझी जीभ उचलली नाही.

हा सुरय महिनोन् महिने हवेत काढतो, पण पाण्यावर सहसा बसत नाही. त्याची पिसे भिजून जड होतात. फ्रिगेटबर्ड या दुसऱ्या समुद्री पक्ष्याचेही तसेच. म्हणजे मुले ज्याला घरी पाठवत होती, तो त्यांच्या हातून बुडत होता. चहावाल्याने बिस्किटांचा रिकामा खोका दिला, मी ओढणीत गुंडाळून पक्षी त्यात ठेवला. उपचारांसाठी नेता नेता वाटेतच तो गेला.

मुलांचा काय दोष? मासा पाण्याबाहेर पडला तर पाण्यात सोडायचा, एवढेच आपण लहानपणापासून ऐकतो. असा पक्षी दिसला तर हलक्या हाताने कापडात घ्यावा, भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून झाकावा आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करावा. चोचीत पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते. मासे भरवू नयेत. घरी ठेवून घेऊ नये. अंधार आणि शांतता यांनीच त्याचा अर्धा जीव परत येतो.

आम्हा पक्षिनिरीक्षकांनाही सांगायचे आहे. दुर्मीळ पक्षी उतरल्याचा निरोप ग्रुपवर पडला की तासाभरात त्याच्याभोवती कॅमेऱ्यांचे कडे होते. विसाव्यासाठी बसलेल्या पक्ष्याला दर दहा मिनिटांनी उठावे लागले तर तो उडणार कशाच्या बळावर? फोटो लांबून घ्या. कुत्री हाकला. तेवढी राखण केली तरी पुष्कळ.

महापालिकेला विनंती एकच. चौपाट्यांवर जीवरक्षक असतातच. त्यांच्या चौकीत एक खोका, एक जुना टॉवेल आणि भिंतीवर मराठी-हिंदीत चार ओळींचा फलक ठेवावा. खर्च जवळजवळ नाहीच. नोव्हेंबरातही वादळे येतात. 2009 चे ‘फयान’ 11 नोव्हेंबरला आले होते. तेवढ्या आत हे व्हावे.

– एक वाचक, विलेपार्ले, मुंबई