पैगंबर हे ‘आराध्य दैवत’ नव्हेत

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ईद-ए-मिलादच्या सुमारास छापून येणाऱ्या मजकुरात आणि शुभेच्छा फलकांवर ‘मुस्लीम बांधवांचे आराध्य दैवत हजरत मुहम्मद पैगंबर’ अशी शब्दयोजना मी अनेकदा वाचली आहे. लिहिणाऱ्याचा हेतू आदराचा असतो, याविषयी मला शंका नाही. परंतु इस्लामी श्रद्धेच्या दृष्टीने याहून मोठी चूक चार शब्दांत करणे अवघड आहे. चिपळूणजवळच्या एका शाळेत मी तीस वर्षे मराठी शिकवले. त्या काळात सहकाऱ्यांनी मला आमच्या धर्माविषयी जे प्रश्न विचारले, त्यांतील बहुतेकांचे मूळ आकसात नसून शब्दांच्या निवडीत होते, असे माझे मत झाले आहे.

‘पैगंबर’ हा फारसी शब्द असून त्याचा अर्थ पैगाम, म्हणजे निरोप, आणणारा असा आहे. मराठीतील ‘प्रेषित’ हा शब्द त्याला अगदी चपखल बसतो. तो अवतार नव्हे आणि ईश्वराचा अंशही नव्हे. इ. स. 632 मध्ये प्रेषितांचे निधन झाले, तेव्हा शोकाने भांबावलेल्या अनुयायांसमोर त्यांचे निकटचे सहकारी हजरत अबू बक्र यांनी सांगितले, की जे मुहम्मदांची उपासना करीत असतील त्यांनी जाणावे, की मुहम्मद मरण पावले आहेत; आणि जे अल्लाहची उपासना करतात त्यांनी जाणावे, की अल्लाह जिवंत आहे व त्याला मरण नाही. इंग्रजी अमदानीत मुसलमानांना ‘मोहमेडन’, म्हणजे जणू मुहम्मदांचे पंथीय, म्हणण्याची रीत पडली, तीही याच गैरसमजाला पोसणारी होती. (अर्थात 1875 मध्ये अलीगढला सुरू झालेल्या आमच्याच शिक्षणसंस्थेच्या नावात तो शब्द होता, त्यामुळे सारा दोष इंग्रजांच्या माथी मारता येत नाही.)

‘अल्लाह हा तुमचा देव’ या वाक्याचेही तसेच आहे. अल्लाह हे अनेक देवांपैकी एकाचे नाव नसून एकमेव ईश्वरासाठी असलेला अरबी शब्द आहे. अरबी बोलणारे ख्रिस्तीदेखील आपल्या प्रार्थनेत आणि बायबलात हाच शब्द वापरतात. येशूंना आम्ही हजरत ईसा म्हणून प्रेषित मानतो, ईश्वरपुत्र मात्र मानत नाही. त्यांच्या मातेच्या, मरियमच्या, नावाचा एक स्वतंत्र अध्याय कुरआनात आहे.

सर्वांत अधिक वेळा विचारला गेलेला प्रश्न मक्केतील काबागृहाचा, ज्याच्या भिंतीत एक काळा दगड बसवलेला आहे. मूर्तिपूजा नाही म्हणता, मग काळ्या दगडाचे चुंबन का घेता? प्रश्न रास्त आहे आणि तो सुरुवातीच्या मुसलमानांनाही पडला होता. त्या दगडापाशी उभे राहून दुसरे खलिफा हजरत उमर म्हणाले होते, की तू केवळ एक दगड आहेस, तू कोणाचे भले करू शकत नाहीस आणि बुरेही. प्रेषितांना तुझे चुंबन घेताना पाहिले नसते, तर मीही घेतले नसते. काबा ही नमाजाची दिशा आहे. मदिनेला गेल्यानंतरचे सोळा-सतरा महिने मुसलमान जेरुसलेमकडे तोंड करून नमाज पढत होते, नंतर दिशा मक्केकडे बदलली. इ. स. 630 मध्ये मक्का हाती आल्यावर प्रेषितांचे सहकारी हजरत बिलाल यांनी काबाच्या छतावर चढून अजान दिली, असे चरित्रग्रंथ सांगतात. ज्या वस्तूची पूजा करायची, तिच्या माथ्यावर कोणी पाय ठेवून उभे राहत नाही.

दर्ग्यांविषयी मात्र एका वाक्यात उत्तर देणे मला जमत नाही. तेथे फूल-चादर चढवणे हा वलींविषयीचा, म्हणजे संतपुरुषांविषयीचा, आदर आहे, की एकेश्वरी श्रद्धेला बाधा आणणारा प्रकार, यावर आमच्यातच बरेलवी आणि देवबंदी या दोन विचारप्रवाहांच्या मंडळींचा जुना वाद आहे, आणि तो कधीकधी एकाच घरातल्या दोन भावांतही असतो.

‘तकदीर’, म्हणजे ईश्वराने आधीच ठरवलेले विधिलिखित, हाही श्रद्धेचा एक भाग आहे, म्हणून आम्हाला दैववादी समजले जाते. करोनाच्या काळात हा प्रश्न मला आमच्या मशिदीतल्या तरुणांनीच विचारला, की सारे लिहिलेलेच असेल तर अंतर कशाला पाळायचे? मी त्यांना हजरत उमर यांचाच आणखी एक प्रसंग सांगितला. सिरियाकडे जाताना पुढे प्लेगची साथ असल्याचे कळले आणि त्यांनी माघारी फिरण्याचे ठरवले. ‘अल्लाहच्या तकदीरीपासून पळता काय?’ असे तेथील सेनापती हजरत अबू उबैदा यांनी विचारले. ‘होय, अल्लाहच्या एका तकदीरीकडून दुसऱ्या तकदीरीकडे,’ असे उमर उत्तरले आणि त्यांनी विचारले, की तुझे उंट अशा खोऱ्यात उतरले, ज्याचा एक उतार हिरवा व दुसरा उजाड आहे, तर हिरव्या उतारावर चारलेस तरी ती तकदीरच आणि उजाड उतारावर चारलेस तरीही ती तकदीरच नव्हे काय? थोडक्यात, उतार निवडण्याची जबाबदारी गुराख्यावरच राहते.

आपणास विनंती इतकीच, की येत्या मिलादच्या मजकुरात ‘आराध्य दैवत’ याऐवजी ‘प्रेषित’ हा शब्द वापरावा आणि जाहिरात विभागाकडे येणाऱ्या शुभेच्छांच्या मजकुरातही तो बदल सुचवावा. शुभेच्छा देणाऱ्यांपैकी कोणाचीही त्यास हरकत असेल, असे मला वाटत नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक, चिपळूण