ड्युअल क्रेडिटच्या फॉर्मवर सही करण्याआधी

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

सहीसाठी ठेवलेला ड्युअल क्रेडिटचा फॉर्म पाहिला, म्हणजे शाळेत असतानाच कम्युनिटी कॉलेजचे विषय घ्यायचे आणि ते दोन्हीकडे मोजायचे. इंग्लिश १३०१, हिस्टरी १३०१, मॅथ १३१४ आणि बायोलॉजी १४०६, अशा चार खुणा आहेत. त्यातल्या दोन खोड, मग सही करते.

टेक्ससमधल्या या आकड्यांत पहिला अंक वर्ष सांगतो आणि दुसरा क्रेडिट. म्हणजे १३०१ तीन क्रेडिटचा आणि १४०६ लॅबसकट चारचा. तुझी बेरीज होते तेरा. कॉलेजचा साधा हिशेब असा की क्रेडिटमागे आठवड्याला एक तास वर्गात आणि दोन तास घरी. तीन क्रेडिटच्या विषयाला नऊ तास, तेराला एकोणचाळीस. शाळेचे बाकीचे विषय आणि ऑर्केस्ट्रा वेगळेच. उन्हाळ्यात पाच आठवड्यांत उरकू म्हणशील, तर सोळा आठवड्यांचं काम तेवढ्यातच बसवावं लागतं. एका विषयाला आठवड्याला जवळजवळ तीस तास.

आजीला ‘कॉलेजला जाते’ म्हणालीस तर तिला काहीच वाटणार नाही, कारण तिकडे अकरावी म्हणजे ज्युनिअर कॉलेजच. इथे मात्र हे पदवीचे खरे मार्क आहेत. या वर्षी मिळालेला सी कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर कायमचा राहतो. तुला मेडिकलला जायचंय, तर हे नीट ऐक: तो अर्ज भरताना शाळेत असताना घेतलेले कॉलेजचे सगळे कोर्स दाखवावे लागतात, आणि ते जीपीएत, म्हणजे मार्कांच्या सरासरीत, धरतात. पुढे कुठल्याही विद्यापीठात गेलीस तरी हे मार्क पुसले जात नाहीत. एपीचं, म्हणजे शाळेतच शिकवतात त्या कॉलेजच्या दर्जाच्या कोर्सचं, तसं नाही. मे महिन्यातल्या परीक्षेत पाचपैकी २ मिळाले तर तो स्कोअर कुठे पाठवायचा नाही, एवढंच. ३ मिळाले तर इथली सरकारी विद्यापीठं बहुतेक विषयांना क्रेडिट देतात. काही विषयांना ४ किंवा ५ लागतात.

म्हणून मॅथ १३१४ खोड. तो कॉलेज अल्जेब्रा आहे. सायन्सच्या पदवीला कॅल्क्युलस लागतं, आणि तिथे १३१४ बहुतेक वेळा नुसता जादा क्रेडिट म्हणून पडून राहतो. शाळेत प्रीकॅल्क्युलस कर आणि बारावीला एपी कॅल्क्युलस घे. बायोलॉजीही खोड. पुढची सगळी इमारत ज्यावर उभी राहणार, तो विषय चालत्या गाडीत शिकू नकोस.

हिस्टरी मात्र नक्की ठेव. टेक्ससच्या सरकारी विद्यापीठात पदवीसाठी अमेरिकेच्या इतिहासाचे सहा क्रेडिट कायद्याने लागतात. १३०१ आणि वसंत सत्रातला १३०२ केलास की ते सहा झाले. इंग्लिश १३०१ सुद्धा बेचाळीस क्रेडिटच्या कोअरमध्ये, म्हणजे सगळ्यांना सक्तीच्या विषयांत, बसतो. राज्याबाहेरच्या खासगी कॉलेजांचा भरवसा नाही. हायस्कूल पूर्ण करण्यासाठी मोजलेला कोर्स त्यांतली बरीच जण पुन्हा मोजत नाहीत. यादीतल्या प्रत्येक कॉलेजच्या वेबसाइटवर ‘ट्रान्सफर क्रेडिट’चं पान आत्ताच बघ.

काउन्सेलरना एक प्रश्न विचार: आपल्या डिस्ट्रिक्टमध्ये वर्गातली रँक काढताना ड्युअल क्रेडिटला एपीइतकंच वजन आहे का? सगळीकडे नसतं. ऑस्टिनच्या युनिव्हर्सिटी ऑफ टेक्ससमध्ये आपोआप प्रवेशाची रेषा २०२६ पासून रँकमधल्या वरच्या पाच टक्क्यांवर आली आहे, तेव्हा तिथे अर्धा गुणही महाग पडतो.

आता कामाचा क्रम. आधी टीएसआय, म्हणजे कॉलेजचं वाचन, लेखन आणि गणित झेपेल का ते बघणारी परीक्षा, पण सॅट या प्रवेशपरीक्षेत इंग्लिशला ४८० आणि गणिताला ५३० असतील तर ती माफ. मग अप्लायटेक्सस या वेबसाइटवरचा कॉलेजचा अर्ज. वर्ग कॉलेजच्या कॅम्पसवर असेल तर मेनिंजायटिसची लस सत्र सुरू होण्याआधी किमान दहा दिवस घेतलेली हवी. वर्ग शाळेतच असेल तर लागत नाही. मुलं बहुतेक इथेच अडकतात, कारण ऑगस्टमध्ये डॉक्टरांची वेळ मिळत नाही.

सत्र सुरू झालं की बारावा क्लास-डे कॅलेंडरवर लाल कर. त्या दिवसापर्यंत विषय सोडला तर मागमूस राहत नाही. नंतर सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर डब्ल्यू, म्हणजे विषय सोडल्याची खूण, लागते. जीपीए त्याने घसरत नाही, पण पुढे आर्थिक मदत देताना घेतलेले आणि पूर्ण केलेले क्रेडिट ताडून बघतात, तिथे ती नडते. पहिला निबंध त्या तारखेआधी परत मिळतो का, ते सिलॅबसमध्ये बघून ठेव. मिळत नसेल तर प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सला मसुदा घेऊन जा. आपण कुठे आहोत ते कळायला दुसरा मार्ग नाही.

कॉलेजचा ईमेल वेगळा असतो, तो रोज उघड. शाळेतल्या मिस आठवण करतात, प्राध्यापक करत नाहीत. आणि कॉलेजच्या नोंदींवरचा हक्क आता तुझा, वय सोळा असलं तरी. मी फोन केला तर तुझ्या परवानगीशिवाय ते माझ्याशी तुझ्या मार्कांबद्दल सहसा बोलणार नाहीत. बाबांना हे अजून सांगितलेलं नाही.

बारावी झाल्यावर विद्यापीठाला दोन ट्रान्सक्रिप्ट जायला हवीत, शाळेचं आणि कम्युनिटी कॉलेजचं. दुसरं शाळा पाठवत नाही, ते तू मागवायचं. जूनच्या ओरिएंटेशनआधी पोचलं नाही तर झालेला इंग्लिश १३०१ तुझ्या वेळापत्रकात पुन्हा टाकतील.

दोन खुणा खोडून फॉर्म फ्रिजवर लाव. सकाळी सही करून ठेवते.

तुझी
आई