काकू, डॉक्टर आम्हाला दिलेत म्हणून

तीर्थस्वरूप काकू,
साष्टांग नमस्कार.

डॉक्टर गेल्यावर त्यांच्याबद्दल पुष्कळ बोलून झालं. शोकसभेत ज्याने त्याने आपापला डॉक्टर सांगितला. पक्षी बघणाऱ्यांनी धनेशवाला, भजनी मंडळाने पेटीवाला, शाळेच्या बाईंनी दुर्बीणवाला. शेवटी कुणाला तरी आठवलं की ते दातांचेही डॉक्टर होते. तुम्ही पहिल्या रांगेत बसून सगळं ऐकत होतात आणि तुमचे आभार मात्र एकानेही मानले नाहीत. ते राहिलेलं काम मी करतेय. चारचौघांत करतेय, कारण घेताना सगळ्या चिपळुणाने घेतलंय.

जिन्याखालची खोली तुमची होती. लग्न होऊन आलात तेव्हा तिथे लोणच्याच्या बरण्या, आमसुलं आणि उकडे तांदूळ असायचे, हे तुम्हीच मला सांगितलंय. मग दातांचे एक्सरे धुवायला काळोख हवा म्हणून बरण्या पोटमाळ्यावर गेल्या. नखाएवढ्या फिल्मा दोरीवर चिमट्यांना लटकायला लागल्या. आणि थोड्याच दिवसांत कुणाच्या तरी दाढेशेजारी धनेशाची चोच वाळताना दिसू लागली. पेशंटचे एक्सरे पाच मिनिटांत धुऊन व्हायचे, पक्ष्यांचे फोटो धुताना डॉक्टर जेवायचं विसरायचे. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते, बारीकशी फट तेवढी ठेवते, आणि नर महिनोन्‌महिने उंबरं-वडफळं आणून तिला त्या फटीतून भरवतो, हे डॉक्टर आल्यागेल्याला रंगवून सांगायचे. त्यावर तुम्ही आतून म्हणायचात, "आमच्याकडचा नर बाहेर फिरतो खरा, पण हात हलवत परत येतो." यावर सगळ्यांत मोठ्याने डॉक्टरच हसायचे.

वेळासच्या किनाऱ्यावर सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेच्या लोकांनी 2002 पासून कासवांची घरटी राखायला घेतली आणि फेब्रुवारी-मार्चचे आपले रविवार तिकडे वाहून गेले. रविवारचा सोमवार व्हायला वेळ लागायचा नाही, कारण अंडी काय वार बघून फुटत नाहीत. दवाखान्याच्या दारावर पाटी: डॉक्टर कासवांकडे गेले आहेत. गाल धरून आलेला माणूस ती पाटी वाचून कुणावर चिडणार? तुमच्यावर. लवंगेच्या तेलाचा बोळा तुम्ही द्यायचात, कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या तुम्ही सांगायचात आणि "बुधवारी या, पहिला नंबर तुमचा" हेही तुम्हीच. ओहोटीला पिल्लं वाळूवरून पाण्याकडे कशी धावली ते आम्ही सगळ्यांनी डॉक्टरांकडून ऐकलं. तेवढा वेळ दारात उभं राहून बोलणी कोण खात होतं, ते कुणी विचारलं नाही.

दुर्बिणीच्या आरशाची गोष्ट मला सगळ्यांत जास्त आवडते. सहा इंची आरसा विकत आणला असता तरी चाललं असतं. पण नाही, घरीच घासायचा! पडवीत तेलाचं पिंप उभं केलं, त्यावर एक काच पक्की बसवली, मध्ये कार्बोरंडमची ओली पूड, वर दुसरी काच, आणि पिंपाभोवती फेऱ्या मारत पुढे-मागे, पुढे-मागे. अशाने वरची काच हळूहळू खोलगट होत जाते. पूड आधी जाडी, मग बारीक, मग त्याहून बारीक. कवळीला चकाकी आणायची सवय असलेला हात, त्यामुळे तो कंटाळला नाही. पण बारीक पुडीवर काम चालू असताना जाड्या पुडीचा एक कण जरी उडून आला तरी काचेवर ओरखडा पडतो आणि मागचं सगळं पुन्हा करावं लागतं. म्हणून तुम्हाला हुकूम झाला की पडवीत झाडू मारायचा नाही. ऐन लगीनसराईत, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत, तुमच्यासारख्या टापटिपीच्या बाईने पडवी झाडली नाही! 1997 च्या मार्च-एप्रिलात हेल-बॉप धूमकेतू बघायला तुमच्या गच्चीवर रांग लागायची. आम्ही पोरं चपला न काढता वर धावायचो आणि तुम्ही खाली सगळ्यांसाठी सरबत ढवळत असायचात. तुम्ही स्वतः धूमकेतू कधी बघितलात, हे मला आजही माहीत नाही.

सगळेच छंद काही फळले नाहीत, तेही सांगायला हवं. सातेरी मधमाश्यांची पेटी ठेवली, तर माश्या पंधरवड्यात उडून गेल्या आणि जाताना तुम्हालाच चावल्या. जाखडी नाचातल्या शक्ती-तुऱ्याच्या सवाल-जवाबासाठी डॉक्टरांनी मिश्रीवर एक सवाल रचला होता. तव्यावर तंबाखू भाजणाऱ्या सासूला सून विचारते, असा काहीतरी. बायका पोट धरून हसल्या. मिश्री किती जणींची सुटली कोण जाणे.

आता आमच्या घरचं.

बाबा एसटीत ड्रायव्हर, कायम रातराणीवर. झोप येऊ नये म्हणून तंबाखू-चुना, निदान कारण तरी ते. दाढ दुखते म्हणून ते डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी दाढ बघायच्या आधी गाल बाहेर ओढला आणि आतला पांढरा चट्टा बघून विचारलं, "हे दुखतं का?" बाबा म्हणाले, नाही. "म्हणूनच जास्त बघायला हवं." तुकडा काढून तपासायला हवा म्हटल्यावर बाबांनी जे तोंड लपवलं ते लपवलंच. मग डॉक्टर डेपोत जाऊन बसायला लागले. निमित्त काय, तर कंट्रोलरच्या केबिनमधलं बंद घड्याळ. दातांच्या जुन्या हत्यारांनी ते घड्याळं दुरुस्त करायचे हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. बाबांची गाडी लागली की हातातलं घड्याळ ठेवून समोर उभे. घड्याळ मुद्दाम लांबवलं होतं असं कंट्रोलर नंतर सांगायचे.

रिपोर्ट वाईट आला, पण वेळेत आला. परळला टाटामध्ये ऑपरेशन झालं, गळ्यातल्या गाठीही काढल्या. घरी आले तेव्हा जबडा आवळलेला, एक बोटही धड आत जाईना. डॉक्टरांनी आइस्क्रीमच्या काड्यांचा गठ्ठा दिला. दातांमध्ये काड्या एकावर एक रचून धरायच्या, सोसेल तेवढ्या, आणि काही दिवसांनी त्यांत आणखी एक सरकवायची. बाबांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. तीन बोटं उभी आत जाईपर्यंत सोडायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद होती. आई कामावर, मी बारावीला. तेव्हा दुपारी किटली घेऊन तुम्ही यायचात. पेज, आंबील, कधी गाळलेलं सार. किटली ठेवून निघून गेला नाहीत कधी. समोर बसून काड्या मोजायचात. "काल इतक्या होत्या, आज कमी कशा?" डॉक्टरांना बाबा फसवू शकले असते, तुम्हाला नाही.

डॉक्टरांनी बाबांना वाचवलं असं सगळे म्हणतात. ते खरंच आहे. पण त्यानंतरचे ते महिने तुम्ही ओढलेत, आणि ते कुठल्या भाषणात आलं नाही.

22 जुलै 2021 चा पूरही मला विसरता येत नाही. 2005 चा अनुभव होता, म्हणून तुम्ही दवाखान्यातलं सामान उंचावर चढवून ठेवलं होतं. वाशिष्ठीने त्याला जुमानलं नाही. खुर्ची, कंप्रेसर, बाजाची पेटी, सगळ्यावर चिखल. मी आणि बाबा फावडी घेऊन आलो तर तुम्ही एकट्याच चिखल ओढत होतात. डॉक्टर कुठे? लोटिस्मात. आपलं 1864 सालचं वाचनालय, तिथेही पाणी शिरलेलं, आणि हे सत्तरी उलटलेले गृहस्थ तिकडे भिजलेल्या पुस्तकांची पानं सोडवत बसलेले. तुम्ही जे बोललात ते इथे लिहीत नाही. अर्ध्या तासाने बाबांच्या हाती डबा दिलात. तो भरपूर होता, तिथे बसलेल्या सगळ्यांना पुरला.

दुर्बीण शाळेला द्यायची म्हणालात, म्हणून येत्या रविवारी सकाळी येतोय. गाडी बाबा चालवणार. आरसा मी मांडीवर घेऊन बसेन, टपावर टाकायचा नाही हे शाळेच्या शिपायालाही बजावलंय. पेटीचे भाते बदलून झालेत, तीही सोबत आणतो. जेवायला थांबवाल, तेव्हा आधीच सांगून ठेवते: बाबांसाठी वेगळं मऊ काही करू नका. कोंबडी-वडे केलेत तर बाबा तुमच्यासमोर खाऊन दाखवणार आहेत.

तुमची,
रातराणीवाल्यांची थोरली