हिमनदीच्या दरीत तंबू कुठे ठोकावा?

संपादक महोदय,

मे महिन्यात महाराष्ट्रातून उत्तराखंडातल्या ‘हर की दून’ला जाणाऱ्यांची रीघ लागते. हिमनदीने कोरलेल्या या दरीचा तळ बऱ्यापैकी सपाट, म्हणून नवखे थेट नदीकाठीच तंबू ठोकतात. रात्री थंड, जड हवा उतारावरून घसरून नेमकी तिथेच साचते. शिवाय दिवसभर वितळलेल्या बर्फाचं पाणी संध्याकाळी चढतं. तंबू काठापासून निदान ६० मीटर लांब, थोड्या उंचवट्यावर हवा. वर वाळकी फांदी लोंबत नाही ना, हे आधी पाहावं. थंडी वाजते म्हणून झडपा घट्ट लावल्या की श्वासातली वाफ कापडावर आतून गोठते आणि सकाळी स्लीपिंग बॅगवर ठिबकते. स्टोव्हसाठी नुसत्या ब्युटेन वायूचा डबा शून्य अंशाखाली पेटतच नाही; प्रोपेन मिसळलेला घ्यावा. स्टोव्ह मात्र तंबूबाहेरच, त्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो! शौचासाठी १५-२० सेंटिमीटर खड्डा पुरे, पण या थंडीत कागद लवकर कुजत नाही, तो पिशवीत घालून परत आणावा. शेकोटीची सह्याद्रीतली हौस इथे नकोच. सरपणासाठी तोडली जाणारी भूर्जाची झाडं फार सावकाश वाढतात. सहल आयोजकांनी हे निघण्यापूर्वीच का सांगू नये?

– एक वाचक, नाशिक